“गोंयांत ज्वालामुखी खंय आसा रे?”

पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

डिचोली तालुक्यातला तरुण, वय ३०. ज्वालामुखीचे उद्रेक आणि मॉन्सून यांच्या संबंधावर नुकतीच पीएचडी झाली. युरोपातल्या एका विद्यापीठाने दोन वर्षांच्या पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधनासाठी बोलावलं आहे आणि उत्तर तीन आठवड्यांत द्यायचं आहे. नेमकी याच वेळी घरापासून अर्ध्या तासावरच्या एका कॉलेजात जूनपासून कॉन्ट्रॅक्ट बेसिसवर शिकवायची जागा चालून आली आहे. वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे काही काळ चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या, आणि दारात गंजलेला ट्रक शेवटी भंगाराच्या भावाने गेला. घर चाललं ते आईच्या अंगणवाडीच्या मानधनावर आणि याच्या फेलोशिपमधून उरेल त्यावर. धाकटी बहीण नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचं एकच म्हणणं आहे: आता हाताशी ये, कायमचं काहीतरी धर.

तो लिहितो: “चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळं घर जमलं की माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखाली बसून कोणीतरी विचारतंच, ‘गोंयांत ज्वालामुखी खंय आसा रे?’ (गोव्यात ज्वालामुखी कुठे आहे रे?) सगळे हसतात, मीही हसतो. हल्ली मात्र रात्री तोच प्रश्न डोक्यात फिरत राहतो. भूशास्त्रवाले मला हवामानवाला समजतात आणि हवामानवाले भूशास्त्रवाला. माझ्या विषयाच्या नावाने जाहिरात कधी निघत नाही. एखादा मोठा उद्रेक झाला तरच माझ्या कामाला किंमत, आणि तो उद्या होईल की चाळीस वर्षांनी, कोण सांगणार? बाहेर गेलो तर परत येणं होत नाही असं सगळेच म्हणतात. इथे राहिलो तर संशोधन संपलं. मी स्वार्थी व्हावं की शहाणं?”

उत्तर

तुझं पत्र तीन पानांचं आहे. त्यातली अडीच पानं घर, पैसा आणि नातेवाईक. उरलेल्या अर्ध्या पानात तू एमएस्सीला असताना पहिल्यांदा राख पाहिलीस त्याची हकीकत आहे. ती मी सारांशात घेतली नाही, कारण तिच्याबद्दल तू काही विचारलेलंच नाहीस. समुद्रतळातून काढलेली गाळाची नळी उभी चिरलेली. तिच्यातला चिमूटभर गाळ तू धुतलास, चाळलास, काचपट्टीवर पसरलास, आणि करड्या कणांमध्ये फुटलेल्या बल्बच्या काचेसारखे वाकडे, पारदर्शक तुकडे दिसले. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख, सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची. “सर जेवायला बोलवायला आले तेव्हा कळलं, दुपार उलटून गेली,” असं लिहिलंयस. पगार, घरची जबाबदारी, सुरक्षितता यांबद्दल आपण बोलूच. त्या चिंता खोट्या नाहीत. पण न विचारलेल्या गोष्टीवर तू अर्धं पान का खर्च केलंस, याचाही थोडा विचार कर. निर्णयाच्या वेळी माणसं आवडीला रांगेत शेवटी उभी करतात आणि पुढे वीस वर्षं स्टाफरूममध्ये तिच्या नावाने कुढत बसतात. माझी सगळी नोकरी अशाच स्टाफरूममध्ये गेली, म्हणून सांगते.

आधी वडील. त्यांना तुझा विषय पटत नाही असं तू धरून चाललायस, पण तुझ्या पत्रात मला तसं कुठे दिसलं नाही. ज्वालामुखीवरून थट्टा करतात ते काका-मामा. वडील फक्त ‘कायमचं’ एवढंच म्हणतात. ज्याने ट्रकच्या जिवावर घर उभं केलं आणि ज्याचा धंदा स्वतःचा काही दोष नसताना दोनदा थांबला, त्याच्या कानावर ‘दोन वर्षांची मुदत’ हे शब्द पडले की त्यापुढचं काही शिरतच नाही. विषय कुठलाही असता, तरी ते हेच म्हणाले असते.

पण मग कॉलेजातली जागा तरी कायमची कुठे आहे? कॉन्ट्रॅक्ट बेसिस आणि लेक्चर बेसिस म्हणजे काय, हे गोव्यात घरोघरी माहीत आहे. वर्ष संपलं की कंत्राट संपलं. पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. मुलं कमी आली तर वर्कलोड नाही, वर्कलोड नाही तर जागा नाही. अशी दहा-दहा वर्षं काढलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यांतले काही आमच्यातले सगळ्यात चांगले शिक्षक होते. तेव्हा एक पक्की नोकरी आणि एक कच्ची, असा हा सामनाच नाही. दोन्ही कच्च्या आहेत. एक घराजवळ आहे, दुसरी लांब. हा हिशेब वडिलांपुढे अजून कोणी मांडलेला दिसत नाही. दोन्ही पत्रं त्यांच्यासमोर ठेव आणि दोन्हींतली मुदतीची ओळ वाचून दाखव. भाषण नको. ती ओळ पुरेशी आहे.

पैशाचंही तसंच. “परदेशात बरे पैसे मिळतील” आणि “तिकडे सगळं महाग असतं” ही दोन्ही वाक्यं तुझ्या पत्रात एकाच पानावर आहेत आणि आकडा एकही नाही. त्या विद्यापीठाला सरळ विचार: ही नेमणूक कर्मचारी म्हणून आहे की नुसती फेलोशिप? यावर आरोग्यविमा, कर, पेन्शनची कपात असं सगळं ठरतं. प्रवासाचा आणि व्हिसाचा खर्च देणार असतील तर आधी देणार की बिलं दाखवल्यावर? बहुतेक ठिकाणी बिलं दाखवल्यावर मिळतो, म्हणजे तिकीट, घराचं डिपॉझिट आणि पहिला पगार होईपर्यंतचं जेवणखाण तुझ्या खिशातून. तेवढी रक्कम तुझ्याकडे आहे का? नसेल तर ती कुठून येणार, हे ‘हो’ कळवण्याआधी ठरलं पाहिजे, विमानतळावर नाही. त्यानंतर दर महिन्याला घरी किती पाठवणार तो आकडा कागदावर लिही आणि आईच्या हातात दे. वडिलांच्या नको, आईच्या. अंगणवाडीच्या मानधनात घर चालवून दाखवलेल्या बाईला तो आकडा पुरतो की नाही हे एका नजरेत कळेल.

आणि बहीण? तुझ्या पत्रात ती फक्त खर्चाच्या बाजूला आहे. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी वर्षभरात कमावती होऊ शकते, कदाचित तुझ्याआधी तिची पक्की नोकरी लागेल. तिच्याशी बोललास का? की घराचा भार आपण एकट्यानेच उचलायचा हे तू मनाशी ठरवून टाकलंस आणि मग त्या भाराखाली स्वतःच वाकलास? आपल्याकडे थोरल्या मुलाला हे न सांगता शिकवलं जातं, त्यात तुझा काही दोष नाही. पण तिला न विचारता तिला परावलंबी ठरवू नकोस. उद्या तिलाही बाहेरून बोलावणं येईल. नर्सना येतंच.

आता माटोळीखालचा प्रश्न, कारण खरी सल तिथे आहे. “मोठा उद्रेक झाला तरच माझ्या कामाला किंमत” हे वाक्य मला अजिबात पटलेलं नाही, आणि मला वाटतं तुझ्या विषयाचा इतिहासच त्याच्या विरोधात जातो. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधकाचा वायू, स्थितांबरात (ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात) फेकला. अमेरिकेत हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या हवामानाच्या प्रारूपात, म्हणजे संगणकावरच्या मॉडेलमध्ये, ते आकडे घातले आणि १९९२ च्या सुरुवातीलाच छापून टाकलं की वर्षअखेरीपर्यंत पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरेल. ते तसंच उतरलं. हवामानाची प्रारूपं म्हणजे नुसते संगणकाचे खेळ आहेत असं तेव्हा बरेच जण म्हणायचे. त्यांना मिळालेल्या ठोस उत्तरांपैकी हे एक. आता सांग, हॅन्सन यांच्या गटाने ते प्रारूप उद्रेकाची बातमी ऐकून बांधायला घेतलं असतं तर? उद्रेकाआधीची सगळी शांत वर्षं हेच त्यांचं काम होतं. उद्रेकाने फक्त परीक्षा घेतली.

पुन्हा, सगळं कळून चुकलंय असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगाजवळचा हुंगा ज्वालामुखी समुद्राखाली फुटला. त्याचा लोट ५७ किलोमीटरपर्यंत गेला, पण गंधक तुलनेने थोडंच. त्याऐवजी त्याने सुमारे १५ कोटी टन पाण्याची वाफ स्थितांबरात नेऊन सोडली, तिथे आधी असलेल्या वाफेच्या जवळपास एक दशांश. मोठा उद्रेक म्हणजे थंडावा, हे पाठ करून बसलेल्यांची पंचाईत झाली, कारण वाफ उष्णता धरून ठेवते. ज्या विषयात २०२२ मध्येही असा धक्का बसतो, तो विषय संपलेला नाही.

आणि गोव्याचा याच्याशी काय संबंध, हे तर तूच मला शिकवायचं. गंधकाच्या वायूचं आम्लाच्या सूक्ष्म थेंबांत रूपांतर होतं, ते थेंब वर्ष-दोन वर्षं ऊन परत फेकतात, समुद्रापेक्षा जमीन जास्त निवते, आणि जमीन-समुद्राच्या ज्या तापमानफरकावर मॉन्सून आत ओढला जातो तोच कमी होतो. शिवाय बाष्पीभवन घटतं. हे सगळं दूरच्या कुठल्यातरी बेटावर सुरू होतं आणि साळावली धरणाच्या पातळीपर्यंत येऊन पोचू शकतं. अडचण अशी की मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी १९८२ मध्ये फुटला तेव्हाही एल निनो (पॅसिफिकचं पाणी तापून आपला पाऊस बहुधा कमी करणारी स्थिती) होता आणि पिनातुबोच्या वेळीही होता, त्यामुळे पाऊस कोणी खाल्ला हे वेगळं काढणं कठीण. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर २०२० मध्ये दाखवलं की मोठ्या उद्रेकानंतर एल निनो आणि आपला मॉन्सून यांची सांगड जास्त घट्ट होते, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पावसाचा अंदाज बांधणं उलट थोडं सोपं व्हावं. ज्या राज्यात भातशेती, धरणं आणि अर्धं पर्यटन पावसाच्या तारखांवर चालतं, तिथल्या माणसाने हा प्रश्न घेतला तर हसण्यासारखं त्यात काय आहे?

नातेवाइकांना मात्र हे सगळं सांगू नकोस. चवथीच्या दिवशी कोणाला स्थितांबर ऐकायचं नसतं, सगळ्यांचं लक्ष पातोळ्यांकडे असतं. फारच झालं तर सांग की सत्तरीच्या ईशान्य टोकाला, घाटमाथ्याकडे, दख्खनच्या लाव्हाचे थर गोव्याच्या हद्दीतही आले आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. किंवा जानेवारी २०१७ ची गोष्ट सांग: दोनापावलाच्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) शास्त्रज्ञ ‘सिंधू संकल्प’ जहाजावरून अंदमानच्या समुद्रात तळाचे नमुने काढत होते, ज्वालामुखी बघायला गेलेच नव्हते, आणि जवळच्या बॅरन बेटाने अचानक राख ओकायला सुरुवात केली. दिवसा नुसता धूर, अंधार पडल्यावर लाल कारंजी. गोव्याहून गेलेल्या माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख अरबी समुद्र ओलांडून दिल्लीपर्यंत आली आणि विमानं रद्द झाली, तेव्हा हेच काका तुला फोन करून विचारत होते ना? तूच लिहिलंयस. म्हणजे घरात ज्वालामुखीचा माणूस कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना जरूर सांग, न विचारता. “माणूस काय तापमान वाढवणार, एक ज्वालामुखी फुटला की त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो,” असा निरोप व्हॉट्सअॅपवर दर पावसाळ्याआधी फिरतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या शंभरातला एक भागही नाही. हे तुझ्या तोंडून कुटुंबाच्या ग्रुपवर गेलं तर त्याचा उपयोग माझ्यासारखीने लिहिण्यापेक्षा जास्त होईल.

आता धंद्याची गोष्ट. “भूशास्त्रवाले हवामानवाला समजतात” ही तक्रार मला अर्धीच पटली. दोन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्याची सुरुवातीला अशी तळ्यात-मळ्यात अवस्था होतेच. पण जाहिरात विषयाच्या नावाने निघते आणि काम हातातल्या कसबावर मिळतं. तुझ्या अर्जात पहिली ओळ आहे ‘ज्वालामुखी-हवामान परस्परसंबंधांचा अभ्यासक’. ती काढ. प्रारूपं चालवता येतात, उपग्रहांची एरोसॉलची (हवेतल्या सूक्ष्म कणांची) माहिती वाचता येते, जुन्या नोंदींतून संकेत आणि गोंगाट वेगळा करता येतो, गाळातली राख ओळखता येते, हे लिही. मग बघ दारं किती आहेत. वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या एनसीपीओआर या ध्रुवीय संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाच्या बर्फाचे गाभे, म्हणजे खोलवर खणून काढलेले बर्फाचे लांब दंडगोल, उणे २० अंशांत जपून ठेवतात. अशा बर्फाचं वय ठरवताना जगभर ज्या खुणा शोधतात त्यांत इंडोनेशियातल्या तांबोराच्या १८१५ च्या उद्रेकातल्या गंधकाची रेघ असते. तिथे बसलेल्या माणसाच्या पाटीवर ‘ज्वालामुखी’ हा शब्द नसेल, पण त्याला तुझी भाषा कळते. एनआयओत गाळाचे गाभे आहेत, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. या लोकांशी तुझी ओळख पीएचडीपुरतीच होती असं दिसतं. जाण्याआधी प्रत्येक ठिकाणी एकेकाला भेट. नोकरी मागायला जाऊ नकोस. तुझं काम सांग, त्यांचं ऐक, आणि दोन वर्षांत मिळून एखादा शोधनिबंध होईल का एवढं विचार.

“गेलो तर परत येणं होत नाही.” हे सगळे म्हणजे कोण? आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्टवर घरंच्या घरं गेली, त्यामुळे ‘बाहेर’ म्हटलं की कुलूप लावलेलं घर आणि अंगणात वाढलेलं गवत हेच चित्र लोकांसमोर येतं. ते जाणं वेगळं. तुझं जाणं मुदतीचं आहे, आणि परत यायच्या वाटा आधीपासून आखता येतात. वाट आखायची म्हणजे मुख्यतः वयाच्या मर्यादा पाहायच्या, कारण आपल्या देशात फेलोशिपला गुणवत्तेआधी जन्मतारीख लागते. केंद्र सरकारच्या इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिपसाठी सर्वसाधारण मर्यादा ३२ वर्षांची आहे. तू ३० चा आहेस, म्हणजे दोन वर्षं पूर्ण करून मग अर्ज करतो म्हणालास तर दार बंद झालेलं असेल. दुसरं वर्ष सुरू होतानाच अर्ज गेला पाहिजे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनच्या राष्ट्रीय पोस्टडॉकची मर्यादा ३५ आहे. परदेशात काम करणाऱ्यांना परत आणण्यासाठी रामानुजन फेलोशिप आहे, तिची मर्यादा ४०. दर वर्षीच्या जाहिरातीत ताजे नियम बघून घे, आणि ह्या तारखा फोनमध्ये आजच घाल. गोव्यातल्या सरकारी जागांना १५ वर्षांच्या निवासाचा दाखला लागतो. दोन वर्षं बाहेर राहिल्याने त्यात काही अडेल का, हे मामलेदार कचेरीत आत्ताच विचारून ये.

कॉलेजात शिकवायचंच असेल तरी ही दोन वर्षं फुकट जात नाहीत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकांच्या छाननीत पोस्टडॉकच्या वर्षाला शिकवण्याच्या वर्षाइतकेच गुण आहेत. हे अनेकांना माहीत नसतं, मुलाखत घेणाऱ्यांनाही कधी कधी नसतं, म्हणून त्या पानाची प्रत जवळ ठेव.

राहिलास तर संशोधन संपलं, हेही पुरतं खरं नाही. वेगवेगळ्या देशांच्या प्रारूपांचे निकाल उघड्यावर ठेवलेले असतात. उद्रेकांसाठी मुद्दाम आखलेला व्हॉल्मिपसारखा प्रकल्प आहे, त्याची माहिती डिचोलीत बसूनही उतरवता येते. २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना नियतकालिकांची एकत्रित वर्गणी मिळाली आहे. तुझं कॉलेज त्यात येतं का ते ग्रंथपालांना विचार. पण मी तुला फसवणार नाही. आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं, वर पेपर तपासणं, नॅकच्या फायली, आणि कॉन्ट्रॅक्टवाल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून त्याच्या गळ्यात पडणारी इतर सगळी कामं. हे करून रात्री प्रारूपं चालवणारे असतात, नाही असं नाही. पण पीएचडीनंतरच्या लगेचच्या वर्षांत, हात अजून बसायचा असताना, ते फार अवघड जातं. त्या वयात आजूबाजूला आपल्याच प्रश्नावर भांडणारे चार लोक लागतात.

म्हणून माझं मत विचारशील तर जा. दोन गोष्टी नसतील तर. वडिलांची किंवा आईची तब्येत अशी असेल की घरात माणूसच हवा, आणि ते तू पत्रात लिहिलं नसशील; किंवा घरावर असं कर्ज असेल ज्याचा हप्ता तुझ्या हिशेबात बसतच नाही. यांतलं एक जरी खरं असेल तरी कॉलेजची जागा घे, आणि ती घेताना हुतात्म्यासारखा चेहरा करू नकोस. चांगला शिकवणारा माणूस डिचोलीच्या मुलांनाही हवाच आहे.

जायचं ठरलं तर ‘हो’ कळवण्याआधी अजून दोन कामं आहेत. त्या प्राध्यापकांच्या हाताखालून गेल्या काही वर्षांत बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना ईमेल कर आणि विचार: स्वतःचे निबंध लिहायला वेळ मिळाला का, सुट्टी मागितली तर काय झालं, आज ते कुठे आहेत? प्राध्यापक किती मोठे यापेक्षा ही उत्तरं महत्त्वाची. कोणीच उत्तर दिलं नाही तर तेही उत्तर समज. दुसरं, रुजू व्हायची तारीख थोडी पुढे मागून बघ. प्रकल्पाच्या पैशाला मुदत असते म्हणून वर्षभर बहुधा मिळणार नाही, पण दोन-तीन महिने बरेच जण देतात. तेवढ्यात पीएचडीतला अडकलेला निबंध पाठवून टाक. नव्या ठिकाणी जुना निबंध पूर्ण होतो यावर माझा विश्वास नाही. तारीख ऑक्टोबरपर्यंत गेली तर चवथही घरी होईल आणि बहिणीची परीक्षाही आटोपलेली असेल.

“स्वार्थी की शहाणं” हा तुझा प्रश्न मी मुद्दाम बाजूला ठेवला. घरी राहणं म्हणजे शहाणपण आणि जाणं म्हणजे स्वार्थ, अशी वाटणी तू आधीच करून टाकली आहेस आणि मग मला निवडायला सांगतोयस. ज्या घराने पीएचडीची सगळी वर्षं अंगणवाडीच्या मानधनात काढून तुला शिकू दिलं, त्या घराने ही वाटणी केलेली नाही. आईने काय म्हटलं, हे तुझ्या तीन पानांत कुठेच नाही. विचार तिला.

हे पत्र एका मुलीचं असतं तर त्यात लग्नाचं एक पान वाढलं असतं, आणि वयाच्या त्याच मर्यादांशी ती आणखी घाईने झुंजली असती. अशा वाचक मुलींनाही माझं हेच सांगणं आहे: आधी दोन्ही पत्रांतली मुदत वाचा, आकडे मागवा, तारखा लिहून काढा, आणि मग घरच्यांसमोर बसा. भूशास्त्र असो, सागरी जीवशास्त्र असो की कोंकणी भाषाशास्त्र, ‘याचा गोव्यात उपयोग काय’ असं ज्यांना ज्यांना विचारलं जातं त्यांचं दुखणं साधारण सारखंच असतं.

कॉलेजला नकार द्यायचा झाला तर लेखी दे, आणि मे महिना संपायच्या आत दे. त्या जागेसाठी यादीत तुझ्या खाली कोणीतरी असेल, आणि त्याला किंवा तिला जून उजाडायच्या आधी कळायला हवं.